सुवार्ता सिस्टरांचं पॅनेल

छातीच्या वॉर्डात किस्से फार साठतात. कारण साधं आहे. आमच्याकडच्या माणसाला धाप लागलेली असते, त्यामुळे लांबण लावणं कुणाला परवडतच नाही. जे काय बोलायचं ते दोन श्वासांच्या मधल्या फटीत. मग जे बाहेर पडतं ते असं नेमकं असतं, की ड्यूटी संपल्यावर चहाला बसलं की आपोआप सुरू होतं, "अगं, आज पाच नंबरवाले काय म्हणाले माहितीये?"

पण आज सांगतेय ते सगळे किस्से एकाच हिवाळ्यातले आहेत, आणि आधीच सांगून टाकते, ते घडत होते तेव्हा मला हसू आलं नव्हतं. आलं असेल तर निम्मंच. त्या हिवाळ्यात आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सुवार्ता सिस्टर आमच्याच वॉर्डात पेशंट म्हणून ॲडमिट झाल्या. त्या उठून परत ड्यूटीवर येतील का, हे आम्हाला कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं. आणि आम्ही म्हणजे छातीचेच डॉक्टर!

मी तिथली ज्युनिअर डॉक्टर. माझ्यावर सर, म्हणजे आमचे छातीचे स्पेशालिस्ट. आणि सरांच्या वर सिस्टर. बोर्डावर असं लिहिलेलं नव्हतं, पण होतं असंच.

* * *

सुवार्ता हे नगरच्या ख्रिस्ती घरांतलं गोड नाव. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. गोड होतं ते फक्त नाव! आवाज असा, की त्या वॉर्डच्या ह्या टोकाला "चप्पल!" म्हणाल्या की त्या टोकाचा नातेवाईक एका पायावर उभा राहून चप्पल काढायला लागायचा.

एकदा सकाळचा राउंड सुरू झाला आणि सिस्टर जागेवर नव्हत्या. सर वैतागले. एका बेडपाशी उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "काय चाललंय काय? सुवार्ता अजून कशी आली नाही?"

त्या बेडवर एक बाई होत्या, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. उशाशी त्यांचा नवरा. त्यानं हात जोडले.

"आमी बी तिचीच वाट बघतोय, सायेब."

सरांचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यांनी पुढचा राउंड अगदी हळू आवाजात घेतला.

* * *

आता पॅनेलचं सांगते.

न्यूमोनियाच्या पेशंटच्या नाकाघशातून काडी फिरवायची आणि सॅम्पल पुण्याला पाठवायचं. तिथे एकाच सॅम्पलमध्ये बऱ्याच व्हायरसची एकदम तपासणी होते. ह्या तपासणीला आम्ही म्हणतो पॅनेल. आता आपल्या जिल्ह्यात पॅनेल म्हटल्यावर माणसाच्या डोक्यात काय येणार? साखर कारखाना, सोसायटी, ग्रामपंचायत! जिल्ह्याचं नाव बदललं तरी हे काही बदललेलं नाही.

बेलापूरचे एक आबा ॲडमिट होते. सर त्यांच्या मुलाला म्हणाले, "आबांचं पॅनेल पाठवलंय. उद्या रिझल्ट येईल."

मुलगा चपापला. सर पुढे गेल्यावर मला बाजूला घेऊन विचारतो, "मॅडम, कुनाचं पॅनेल? आन् आबांना असल्या अवस्थेत उभं कशाला केलं?"

दुसऱ्या दिवशी रिझल्ट आला. दोन व्हायरस, फ्लू आणि आरएसव्ही. सरांनी आबांनाच सांगितलं. आबांनी ऑक्सिजनचा मास्क वर उचलला.

"दोगं एकाच पॅनेलचे?"

"हो आबा."

"आन् आपल्याकडनं कोन हाय?"

"आपल्याकडून तुमची प्रतिकारशक्ती."

"ती उभी हाय ना? का अर्ज माघारी घेतला?"

मुलाला हसावं की रडावं कळेना. सिस्टरांनी मात्र मास्क परत आबांच्या नाकावर दाबला. "आबा, मतदान झालं, आता बोलणं बंद. आचारसंहिता!"

आबा बरे होऊन घरी गेले. पण त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोक्यात आबांचाच प्रश्न फिरत होता. फ्लूवर गोळी आहे. आरएसव्हीवर मोठ्या माणसासाठी आमच्या हातात काहीच नाही. म्हणजे खरोखरच आपल्या बाजूनं जी कुणी उभी असेल तिच्यावरच सगळं!

* * *

भिंगारचे एक रिटायर्ड सुभेदार होते. त्यांच्या पॅनेलमध्ये तीन निघाले. त्यांना झोपून ऐकायला आवडायचं नाही. सर आले की बेडवर ताठ बसायचे.

"दुश्मन किती, सर?"

"तीन."

"हत्यार?"

"एकावर आहे. टॅमीफ्लूची गोळी. बाकी दोघांवर सध्या काही नाही. ऑक्सिजन द्यायचा, लक्ष ठेवायचं, वाट बघायची."

सुभेदार मान हलवून म्हणाले, "समजलं. एकावर गोळी, दोघांवर नजर!"

ते वाक्य इतकं बरोबर होतं, की सर आता नवीन डॉक्टरांना शिकवताना तेच वापरतात. मी त्या दिवशी ते ऐकून हसले आणि वळून बघितलं, तर सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. सुवार्ता सिस्टर आणि भिंतीला टेकून! आमच्या वॉर्डात भिंतीला टेकणाऱ्याला त्या विचारायच्या, "भिंत पडतेय का? धरून उभे आहात म्हणून विचारलं."

* * *

"सिस्टर, बोट द्या," मी म्हटलं.

"कशाला? कामं पडलीत."

"द्या हो."

मी त्यांच्या बोटाला सॅच्युरेशनचं मशीन लावलं. अठ्ठ्याऐंशी! नव्वदच्या खाली म्हणजे आम्ही दुसऱ्या कुणालाही चालत बाथरूमलासुद्धा जाऊ देत नाही, आणि ह्या सकाळपासून वॉर्डभर फिरत होत्या.

"मशीन बिघडलंय," सिस्टर म्हणाल्या. "बायोमेडिकलला फोन लाव."

मी तेच मशीन माझ्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव.

सिस्टरांनी मशीनकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग दम खात म्हणाल्या, "हं. म्हणजे तुझं बोट बिघडलंय."

मी व्हीलचेअर मागवली. त्यावर बसायला त्यांनी साफ नकार दिला. शेवटी सर आले आणि स्वतः व्हीलचेअरच्या मागे जाऊन मूठ धरून उभे राहिले. मग बसल्या. सर खुर्ची ढकलत होते आणि सिस्टर वाटेतल्या बेडांकडे बोट दाखवून सांगत होत्या, "ह्यांची सलाईन संपत आलीय... ह्यांना गरम पाणी दिलं का..." दोन शब्दांनंतर थांबायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा दोन शब्द. मी मागून चालत होते आणि मला इतकं रडू येत होतं की मी माझ्या मास्कचे आभार मानले.

छातीचा फोटो काढला. दोन्ही बाजूंना न्यूमोनिया. त्यात सिस्टरांना शुगर, तीही जुनी.

* * *

त्यांचं सॅम्पल काढायला मीच गेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाकात काड्या घातलेली बाई, पण स्वतःची पाळी आल्यावर मान मागे घ्यायला लागली! "अशी नाही, आडवी धर. आडवी! कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच, सिस्टर."

मग मान पुढे केली.

पॅनेलचा रिझल्ट फोनवर आला. तीन. फ्लू, आरएसव्ही आणि आणखी एक मेटान्यूमो नावाचा. सरांनी मोबाईल खिशात टाकला आणि म्हणाले, "सिस्टरांना आत्ता काही सांगायचं नाही." आम्ही दोघं चेहरे सरळ करून आत गेलो. पण ज्या बाईनं इतकी वर्षं डॉक्टरांचे चेहरे वाचले, तिच्यापुढे आमची काय डाळ शिजणार!

"किती?" सिस्टरांनी विचारलं.

सरांनी छताकडे बघितलं. मी सरांकडे बघितलं.

"तीन," सर म्हणाले.

सिस्टरांनी मास्क बाजूला केला. खरोखरच संतापल्या होत्या. "तीन? माझ्या वॉर्डात एका पेशंटजवळ एकच पास चालतो! हे तिघं आत आलेच कसे?"

आणि मग एकदम हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं, "तिघांपैकी औषध कितींवर आहे गं?"

उत्तर त्यांना माहीत होतं. मी त्यांचं पांघरूण नीट करत बसले.

* * *

आमच्या कॅंटीनवाल्या मामांनी दुसऱ्या दिवसापासून न सांगता सिस्टरांसाठी तांदळाची पेज पाठवायला सुरुवात केली. मी चहाला गेले की विचारायचे. मी एकदा त्यांना समजावून सांगितलं, की मामा, तीन व्हायरस एकदम आहेत, आणि जास्त त्रास नेमका कोण देतोय हे आम्हालाही सांगता येत नाही. एखादा तर नुसता नाकात बसलेला असेल, सापडला म्हणून नाव आलं.

मामांनी हातातला झारा खाली ठेवला. "म्हंजी मिसळ झालीय. जाळ रश्श्याचा हाय का फरसानाचा, ते आता खाऊन झाल्यावर इचारायचं नाय."

"तसंच म्हणा."

"मंग दह्यासारखं काय न्हाई का तुमच्याकडं? वरनं घालायला?"

मी चहा तसाच ठेवून उठले. मामा बिचारे घाबरून मागे आले, काय चुकलं म्हणून. काही चुकलं नव्हतं. त्यांनी तेच विचारलं होतं जे मी रोज सकाळी सरांना विचारत होते, फक्त मी इंग्रजीत विचारत होते.

* * *

फ्लूवाल्या पेशंटांची आमच्याकडे वेगळी खोली आहे. तिथे सिस्टरांच्या शेजारच्या बेडवर गयाबाई होत्या. पाथर्डीकडच्या. पोरं-सुना ऊसतोडीला गेलेल्या, नातीनं आणून ॲडमिट केलेलं. ह्या गयाबाईंना सिस्टरांनी आठवडाभर आधी पालथं झोपवून झोपवून हैराण केलं होतं. पालथं झोपलं की फुप्फुसाचा मागचा भाग उघडतो आणि ऑक्सिजन वाढतो. गयाबाई म्हणायच्या, "म्या काय पाल हाय का?" पण सिस्टरांपुढे कुणाचं चालणार? झोपल्या, आणि सुधारल्याही.

आता सिस्टरांचा ऑक्सिजन खाली यायला लागला. मी म्हटलं, "सिस्टर, पालथं व्हायचं."

"नाही होणार. गुदमरतं."

"सिस्टर, प्लीज."

"डॉक्टरबाई, मला शिकवू नका."

मला डॉक्टरबाई म्हटलं की विषय संपला, हे वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. मी रडकुंडीला आले. मॉनिटरवर आकडा उतरत होता. आणि शेजारच्या बेडवरून आवाज आला.

"ए बाई! म्या झोपले का न्हाई? मला बी लई गुदमरलं हुतं. पालथी व्हती का बलवू शिस्टरला?"

आमच्या वॉर्डात ही धमकी रोज दिली जायची, आणि आजवर ती कधी वाया गेली नव्हती.

सिस्टर निमूट पालथ्या झाल्या.

* * *

आणि आता शेवटचा.

पालथं झोपून दोन दिवस निभावलं, मग तेही पुरेना. सिस्टरांना बायपॅपचं मशीन लावलं. नाकातोंडावर घट्ट बसणारा मोठा मास्क, आणि आत जोरानं हवा. ह्या मास्कमध्ये बोलता येत नाही. वॉर्ड एकदम शांत झाला. चप्पल घालून कुणीही आत यायला लागलं, आणि कुणी ओरडत नव्हतं. मला ती शांतता सहन होईना.

बाहेर पॅसेजमधल्या बाकावर सिस्टरांचे यजमान बसलेले असायचे. रिटायर्ड शिक्षक. सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. उंच, शांत, कधी चौकशीसाठी मागे लागणार नाहीत. ॲडमिट केल्यापासून ते त्या बाकावरून घरी गेलेच नव्हते. तोच शर्ट, तोच स्वेटर. मुलीनं फोन करून सांगितलं, चर्चमधले लोक येऊन म्हणाले, मास्तर, आम्ही बसतो, तुम्ही जरा घरी जाऊन या. सर स्वतः म्हणाले. मास्तरांचं एकच, "राहू द्या. मी बरा आहे इथं."

मी एकदा जरा रागावूनच म्हटलं, "मास्तर, तुम्ही आजारी पडलात तर?"

ते म्हणाले, "डॉक्टर, मी घरी गेलो आणि तेवढ्यात तुम्हाला मला हाक मारावी लागली तर?"



त्या सकाळी सरांनी मला बाजूला घेतलं. व्हेंटिलेटरचा निर्णय दुपारपर्यंत घ्यावा लागेल, म्हणाले. तिघं एकत्र, त्यात शुगर, वय. नळी घातली तर निघेलच असं नाही. आणि नाही घातली तर... सर वाक्य पूर्ण करत नव्हते. हा माणूस मी कधी अडखळताना पाहिला नव्हता. मग त्यांनी मला विचारलं, मला! "तुला काय वाटतं?"

मला काय वाटणार? मला भीती वाटत होती. मी तसंच सांगितलं.

"मलाही," सर म्हणाले.

आम्ही आत गेलो. सिस्टर डोळे मिटून होत्या. सरांनी छाती तपासली, मशीनवरचे आकडे बघितले, पुन्हा बघितले. रक्तातल्या ऑक्सिजनची सकाळची तपासणी कालच्यापेक्षा किंचित बरी होती, पण इतकी किंचित, की त्यावर विश्वास ठेवायला भीती वाटावी. सर बेडच्या कडेला हात ठेवून नुसते उभे राहिले. गयाबाई त्यांच्या बेडवर उठून बसल्या होत्या.

आणि सिस्टरांनी डोळे उघडले.

त्यांनी सरांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हात उचलला. बोटानं खूण केली, जवळ या.

छातीच्या वॉर्डात काम केलं की हे कळतं. शेवटाकडे माणसं अशी कुणालातरी जवळ बोलावतात, मुलांना सांभाळा म्हणतात, माफ करा म्हणतात. गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. दारातून मास्तरांनीही ते पाहिलं असावं. ते बाकावरून उठून दाराशी येऊन उभे राहिले होते.

सर खाली वाकले. सिस्टरांनी दोन्ही हातांनी स्वतःचा मास्क जरासा उचलला. मशीन बोंबलायला लागलं. मी पुढे धावले, सरांनी हातानं थांबवलं. कान त्यांच्या तोंडापाशी नेला.

सिस्टर काहीतरी बोलल्या. दोन श्वासांत. मास्क परत खाली ठेवला आणि डोळे मिटले.

सर सरळ झाले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी हात वर नेला आणि स्वतःच्या हनुवटीवर लोंबत असलेला मास्क वर ओढून नाकावर नीट बसवला. मग खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"सर?" मी विचारलं. "काय म्हणाल्या?"

सर खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "म्हणाल्या, सर, मास्क नाकाच्या वर. पुन्हा सांगणार नाही."

मी धावतच दाराशी गेले. मास्तर तिथेच चौकट धरून उभे. मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. पुन्हा सांगणार नाही, हेसुद्धा सांगितलं.

मास्तरांनी ऐकून घेतलं. बाकावर जाऊन आपली पिशवी उचलली, शर्टाची कॉलर हातानं सारखी केली.

"बरं," ते म्हणाले. "मग मी जरा घरी जाऊन आंघोळ करून येतो."